हजेरी मोजून झाली, आता परिणाम कुठून आणू?

शाईचा डाग (धागाकर्ता)

मंडळी, एका अहवालात अडकलोय. मदत हवी आहे, आणि थोडं मन मोकळंही करायचं आहे.

एका संस्थेनं शाळाशाळांत पाणी आणि वीज वाचवण्यावर वर्षभर कार्यशाळा घेतल्या. प्रस्तावात त्याला 'शाश्वत विकासासाठी शिक्षण' म्हटलंय. पैसे देणाऱ्यांना आता 'परिणाम मूल्यांकन' हवंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. संस्था कुठली, शाळा कुठल्या हे सांगणार नाही, विचारूही नका. माणसं भली आहेत आणि मनापासून राबली आहेत.

माझ्यासमोर तीन गठ्ठे आले. एक हजेरीचा, एक फोटोंचा, आणि तिसरा पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या प्रपत्रांचा. कार्यशाळेच्या आधी दहा प्रश्न, नंतर तेच दहा प्रश्न. सरासरी गुण वाढलेत. ग्राफ काढला की दोन दांडे उभे राहतात, दुसरा उंच. झाला परिणाम सिद्ध.

तिसरा गठ्ठा चाळताना एका शाळेच्या उत्तरचाचण्या हाती लागल्या. सगळ्यांवर एकच निळी शाई. म्हटलं असेल, वर्गात एकच पेन फिरलं असेल. पण 'पुनर्भरण' हा शब्द झाडून सगळ्यांनी 'पुर्नभरण' लिहिलेला, रफार त्याच चुकीच्या जागी. त्याच मुलांच्या पूर्वचाचण्या काढून पाहिल्या तर अक्षरं तीस तऱ्हांची. कुणीतरी संध्याकाळी एकट्यानं बसून गठ्ठा संपवलेला दिसतोय.

मग मी संस्थेकडे शाळांची वीजबिलं आणि पाण्याच्या मीटरचे आकडे मागितले. पलीकडून अगदी निरागसपणे उत्तर आलं, "ते कशाला? तो आपला निर्देशक नाहीये."

पाणी वाचवायला वर्षभर शिकवलं आणि पाणी हा निर्देशक नाही! हे वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये. धोरणांचे परिणाम तपासायच्या पद्धती आहेत, त्यावर लोक आयुष्य घालवतात. त्या शिक्षणाला लावता येतात का? की शिक्षण मोजूच नये? इथे दोन्हीकडची माणसं आहेत म्हणून विचारतोय.

निरुत्तर

बिलं मागितलीत ना? पुढचं काम गेलं तुमचं. :)

अंशछेद

बिलं मिळाली तरी लगेच दांडे काढायला बसू नका, डागराव.

समजा कार्यशाळा झालेल्या शाळेचं बिल उतरलं. का उतरलं? त्या महिन्यात परीक्षा होत्या आणि वर्ग अर्धाच दिवस भरत होते. किंवा जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवले. किंवा हवा गार होती, पंखे लागलेच नाहीत. 'आधी किती, नंतर किती' एवढ्यावर यातलं काहीच उलगडत नाही. विचारायचं असतं ते हे, की कार्यशाळा झालीच नसती तर बिल किती आलं असतं? हे 'नसती तर' कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी उभं करायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. तशीच शाळा, तशाच हवेतली, फक्त कार्यशाळा न झालेली. तुमच्याकडचं बिल १० टक्क्यांनी उतरलं आणि तिथलं ८ टक्क्यांनी, तर कार्यशाळेच्या पदरात २ पडतात. त्यातही शाळांनी आपणहून नावं दिली असतील तर गोची आहेच. आपणहून येणाऱ्या शाळेत बऱ्याचदा आधीपासूनच कुणीतरी दिवे मालवत फिरत असतं.

धोरणांत हे विसरलं की काय होतं ते मेक्सिको सिटीत दिसलं. १९८९ मध्ये तिथे नियम आला की गाडीच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक वार गाडी बाहेर काढायची नाही. कागदावर हिशोब सरळ होता, कामाच्या दिवशी पाचातली एक गाडी घरी. पुढे लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञानं हवेतल्या प्रदूषकांच्या तासातासाच्या नोंदी तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापला, की हवा सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. गाड्यांची संख्या मात्र वाढली होती. लोकांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली, बरेचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. नियम मोडायची गरजच पडली नाही. पाळून हरवला त्याला.

आता तुमच्या त्या दोन दांड्यांबद्दल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्कॉट गेलर यांनी १९८१ मध्ये ऊर्जाबचतीच्या कार्यशाळांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. कार्यशाळेनंतरच्या प्रश्नावलीत लोकांची माहिती वाढलेली होती, कळकळही वाढलेली. मग घरी जाऊन पाहिलं. ४० जणांपैकी गरम पाण्याच्या टाकीचं तापमान खाली आणलेला एकच निघाला. टाकीला वेष्टण घातलेले दोघे सापडले, पण त्यांनी ते कार्यशाळेला यायच्या आधीच घातलं होतं!

चौकस चिमणी

शेवटचं वाक्य वाचून फिस्सकन हसले. 'आधीच घातलं होतं'वाले दोघं आपल्या अहवालात 'यशोगाथा' म्हणून फोटोसकट आले असते.

फळ्यावरची धूळ

ती संध्याकाळी बसून गठ्ठा संपवणारी मी असू शकते. या वेळची नाही, पण असू शकते.

कसं होतं सांगते. चारच्या सुमाराला ग्रुपवर निरोप येतो, 'उत्तरचाचणी उद्या अकरापर्यंत अपलोड करावी, अन्यथा शाळेचे नाव प्रलंबित यादीत येईल.' मुलं घरी गेलेली असतात. त्याच आठवड्यात आणखी तीन माहित्या भरायच्या असतात. कोऱ्या प्रपत्राला शिक्षा आहे, खोट्या प्रपत्राला नाही. मग माणूस काय करेल? डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय, की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल तितका तो आकडा नासतो, आणि ज्या कामावर नजर ठेवायला तो होता त्या कामालाही नासवतो. उद्या मीटरचा आकडा निर्देशक केलात तर मीटरही कुणाच्या तरी निळ्या शाईत येईल. लिहून ठेवा.

पण माझं खरं भांडण याहून मोठं आहे. नळ बंद करायला लावणं म्हणजे वळण लावणं झालं. वळणही हवंच, नाही कुठे म्हणतेय. पण शिक्षण म्हणाल तर मुलानं मला विचारलं पाहिजे, "बाई, नळ मी बंद करतो, पण वरची टाकी भरून वाहते ती कुणी बंद करायची?" हा प्रश्न बिलात दिसत नाही. कधीकधी तो पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच टाकीबद्दल विचारला जातो. तो कुठल्या रकान्यात भरणार?

आणि सगळंच अंधारात आहे असंही नाही हो अंशछेदताई. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मुलांना हवामानबदलाचा अभ्यासक्रम शिकवून त्यांच्या आईबापांच्या मतांवर काय परिणाम होतो ते तपासलं गेलं, २०१९ मध्ये छापून आलं. तुलनेला अभ्यासक्रम न शिकवलेली मुलंही होती. शिकलेल्या मुलांच्या पालकांना हवामानबदलाची चिंता जास्त वाटू लागली. सगळ्यात जास्त फरक वडिलांत आणि पुराणमतवादी पालकांत, आणि मुलांपेक्षा मुलींनी आईबापांना जास्त हलवलं.

अंशछेद

तो अभ्यास छान आहे, मान्य. पण त्यात काय मोजलं ते बघा ना, चिंता! गेलर यांच्या त्या ४० जणांनाही चिंता वाटतच होती.

निरुत्तर

काय चाललंय हे. माणसाला शिकवून काही होत नसतं, खिशाला हात घाला.

आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरल्या जात होत्या, त्या २१ वर आल्या. कार्यशाळा नाही, पूर्वचाचणी नाही, पोस्टर स्पर्धा तर नाहीच नाही. तुमच्या त्या वर्षभराच्या पैशात मीटरवर टप्प्याटप्प्याचा दर लावला असता तर काम एका महिन्यात झालं असतं.

अंशछेद

आयर्लंडचं उदाहरण मलाही आवडतं, पण ते अर्धंच सांगताय, भाऊ. शुल्क यायच्या आधी प्रचारमोहीम झाली होती आणि जमणारा पैसा पर्यावरण निधीत जाणार हे लोकांना ठाऊक होतं. त्यातला किती परिणाम शुल्काचा आणि किती समजावण्याचा, हे वेगळं काढणं सोपं नाही. २००७ मध्ये शुल्क २२ सेंटवर न्यावं लागलं, कारण वापर हळूहळू परत चढायला लागला होता.

आणि एकच पिशवी मोजून भागत नाही. कॅलिफोर्नियात गावोगावी पिशवीबंदी आली तेव्हा रेबेका टेलर या संशोधिकेनं शेजारचं कपाटही उघडून पाहिलं. दुकानातल्या पातळ पिशव्या गेल्या खऱ्या, पण लोक त्याच पिशव्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात घालत होते! त्या मिळेनाशा झाल्यावर कचऱ्याच्या जाड पिशव्यांचा खप वाढला. बंदीनं वाचवलेल्या प्लास्टिकपैकी चौथाईहून थोडं जास्त असं मागल्या दारानं परत आलं. म्हणून बंदी फसली का? अजिबात नाही, तीन चतुर्थांश वाचलंच की. पण फक्त दुकानात मोजलं असतं तर आपण शंभर टक्के म्हणून नाचलो असतो.

हे जुनंच दुखणं आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी लिहिलं होतं की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. यंत्रं स्वस्तात चालतात, म्हणून जास्त ठिकाणी बसतात आणि एकूण कोळसा जास्तच लागतो.

वाटसरू

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे अहवाल लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. कबुलीजबाब समजा.

ही प्रथा सुरू झाली अमेरिकेत, १ जानेवारी १९७० ला सही झालेल्या कायद्यानं. सरकारनं मोठं पाऊल टाकण्याआधी परिणाम लिहून काढायचे आणि दुसरे पर्यायही मांडायचे. १९९२ च्या रिओतल्या पर्यावरण परिषदेच्या जाहीरनाम्यात ती १७ वं तत्त्व म्हणून आली आणि आज बहुतेक देशांत या ना त्या रूपात आहे. युरोपीय संघानं २००१ मध्ये ती आराखडे आणि कार्यक्रमांनाही लावली. रस्ता, खाण, बंदर असं एकेक सुटं तपासत बसलं की सगळे मिळून त्या खोऱ्याचं काय करतात हे कुणाच्याच अहवालात येत नाही ना.

खोट एकाच जागी आहे. हे सगळं 'आधी'चं आहे. आम्ही भाकीत करतो, मंजुरी मिळते, अहवाल कपाटात जातो. भाकीत खरं ठरलं का ते बघायला परत जाण्याचे पैसे कुणी देत नाही. वैद्यानं औषध लिहून द्यावं आणि रोगी बरा झाला का ते कधीच विचारू नये, तशातली गत.

आता शिक्षणाचं. एका जनसुनावणीत मी पडद्यावर भूजलाचा आलेख दाखवत होतो. टेबलावर जाडजूड अहवाल, शेजारी परिशिष्टांचे चार खंड. मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ही विहीर कुठल्या महिन्यात मोजलीत?" पाऊस संपल्या संपल्या मोजली होती. बाई म्हणाल्या, "मग भरलेलीच दिसणार की." सभागृह हसलं. मला हसता आलं नाही, आलेख माझा होता. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी आधी मोजून ठेवलेली मूळ स्थिती, हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसेल, पण आमच्या अख्ख्या चमूत त्या एकट्याच बेसलाइन तपासत होत्या.

मी परत गेल्यावर विहीर उन्हाळ्यात पुन्हा मोजायला लावली. ते मी तेव्हा 'त्रुटीपूर्तता' म्हणून लिहिलं. आज लिहिलं असतं तर बाईंचा प्रश्न अवतरणचिन्हात घातला असता.

चौकस चिमणी

वाटसरूकाका, _/\_

मूर्ख प्रश्न विचारू का? शाश्वत विकासासाठी शिक्षण म्हणजे आपला शाळेतला पर्यावरण विषयच ना? की वेगळं काही?

जुनी वही

चिमणी, प्रश्न मूर्ख नाही. वंशावळ थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात या धाग्याच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे.

१९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनं पर्यावरण शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हवा म्हटलं. त्यातून १९७५ मध्ये बेलग्रेडला आणि १९७७ मध्ये तिबिलिसीला बैठका झाल्या. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची व्याख्या रुळवली. १९९२ मध्ये रिओत अजेंडा २१ हा कृती आराखडा झाला, त्याचं ३६ वं प्रकरण शिक्षण, जनजागृती आणि प्रशिक्षणाचं. २००५ ते २०१४ हे संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासासाठी शिक्षणाचं दशक, धुरा युनेस्कोकडे. या प्रवासात विषय झाडं-प्राणी-प्रदूषणापुरता उरला नाही. गरिबी, आरोग्य, उपभोग, पुढच्या पिढ्यांचा वाटा, सगळं आत आलं. म्हणून नाव बदललं.

आता ती गोष्ट. बेलग्रेडच्या सनदेत पर्यावरण शिक्षणाची सहा उद्दिष्टं होती. जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं, मूल्यमापनाची क्षमता आणि सहभाग. मूल्यमापन कुणाचं? मुलांचं नव्हे. पर्यावरणासाठी योजलेले उपाय आणि शिक्षणाचे कार्यक्रम यांचं मूल्यमापन लोकांना स्वतःला करता यावं, असं तिथे लिहिलंय. दोनच वर्षांनी तिबिलिसीच्या यादीत पाच उद्दिष्टं उरली. जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं, सहभाग. पुढे जगभर उद्धृत होत राहिली ती हीच पाच.

शाईचा डाग

जुनी वही, तुम्ही आज माझी झोप घालवलीत.

म्हणजे वाटसरूंच्या त्या बाई सहावं उद्दिष्ट होत्या! उपाय योजणारे एका खोलीत, परिणाम तपासणारे दुसऱ्या, शिकवणारे तिसऱ्या, आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललंय ते हजेरीच्या कागदावर सही करायला दारात उभे. आम्ही मुलांना दहा प्रश्न विचारले. 'या कार्यशाळेनं काही फरक पडला का, आणि तुला ते कसं कळलं?' हा अकरावा प्रश्न कुणालाच सुचला नाही. मलाही नाही, उगाच साव बनत नाही.

आणि 'तो आपला निर्देशक नाहीये' हे त्या संस्थेचं एकटीचं नाही बरं का. २०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांत ४.७ हे लक्ष्य आहे, २०३० पर्यंत सगळ्या शिकणाऱ्यांना शाश्वत विकासासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्यं मिळावीत असं. त्याचा जागतिक निर्देशक ४.७.१ काल रात्री उघडून बसलो. तो काय विचारतो? हे विषय राष्ट्रीय शिक्षण धोरणात, अभ्यासक्रमात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षेत कितपत आलेत? उत्तरं देश स्वतःच भरून पाठवतात. शिकणाऱ्याला काय आलं हा प्रश्नच त्यात नाही. आमच्या हजेरीपटाचा थोरला भाऊ म्हणायचा.

वाटसरू

थोडी बाजू घेतो. शेदीडशे देशांत सारखं मोजता येईल असं काहीतरी लागतं, आणि अभ्यासक्रमात विषय आहे की नाही हे निदान कागद दाखवून सिद्ध करता येतं. मुलाच्या डोक्यात काय शिरलं ते एका मापानं मोजायला गेलात तर धूळबाईंचा कॅम्पबेल येऊन बसेल. फक्त पहिली पायरी आहे म्हणून तिलाच जिना म्हणू नये.

निरुत्तर

मला वाटलंच होतं गाडी सनदांवर जाणार. मी आपला परत रस्त्यावर येतो.

स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंत शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर गर्दीचं शुल्क लावून पाहिलं. आधी बहुतेक लोक विरोधात. लागू झाल्यावर वेशीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्यानं घटली. मुदत संपली, शुल्क थांबलं आणि गाड्या परत वाढल्या. सप्टेंबरात सार्वमत घेतलं तर शहरातल्या लोकांनी बहुमतानं शुल्काच्या बाजूनं कौल दिला. ऑगस्ट २००७ पासून ते कायमचं झालं. लोकांना कुणी शिकवलं? शुल्कानं शिकवलं. कार्यशाळा घेतली असती तर अजून घेत बसले असते.

फळ्यावरची धूळ

निरुत्तर, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे!

त्या सात महिन्यांत काय घडलं ते नीट बघा. आधी मोजलं, मग लावलं, लावलेलं असताना मोजलं, मग काढलं आणि परत मोजलं. आकडे सार्वमताच्या आधी लोकांसमोर ठेवले. रस्त्यावर स्वतः पाहिलेलं आणि छापून आलेलं जुळतंय का ते ज्याला त्याला ताडून बघता येत होतं, आणि मग मत विचारलं. अख्ख्या शहराची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी झाली ती, आणि पेपर लोकांनीच तपासला. शुल्क नुसतं लादून विसरले असते तर लोक फक्त वैतागायला शिकले असते.

अंशछेद

इथे मी धूळबाईंच्या बाजूनं. शुल्क लावून काढून बघायची सोय मिळाली म्हणून ते इतकं लख्ख दिसलं. प्रत्येक धोरणाला अशी कळ नसते. बांधलेलं धरण महिनाभर काढून ठेवता येत नाही.

आणि निरुत्तरभाऊंसाठी एक, किमतीला हात न लावता झालेलं. अमेरिकेत लाखो घरांना एक साधं पत्र जायचं, तुम्ही इतकी वीज वापरलीत, तुमच्यासारख्या शेजाऱ्यांनी इतकी. कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे 'नसतं तर'ची सोय आधीच. सरासरी २ टक्क्यांच्या आसपास वापर घटला. थोडा वाटतो, पण खरा आहे. पत्र पाठवायचं थांबवल्यावर परिणाम हळूहळू विरला, एकदम नाही. २००७ मध्ये छापलेल्या अशाच एका कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात आणखी मजा झाली होती. जे आधीच कमी वीज वापरत होते त्यांना शेजाऱ्यांचा आकडा कळल्यावर त्यांनी वापर वाढवला! आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ते वाढायचे थांबले.

चौकस चिमणी

म्हणजे आपण वाचवतोय हे कळलं की माणूस सैल सुटतो. आमच्या घरी हाच नियम वजनकाट्याला लागू आहे. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

फळ्यावरची धूळ

दोन आठवड्यांनी परत येतेय. धागा वर आणल्याबद्दल माफी, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

डाग यांच्या अकराव्या प्रश्नानं डोकं खाल्लं, म्हणून सातवीच्या वर्गाला शाळेचा पाण्याचा मीटर दाखवायला नेलं. फाटकाजवळ जमिनीत खड्डा आहे, वर लोखंडी झाकण. आत कोळ्यांची जाळी आणि काचेवर चिखल. एका मुलीनं रुमालानं काच पुसली. काळ्या आकड्यांच्या शेजारी बारीकशी लाल चकती असते, पाणी चालू असलं की ती फिरते. मुलं आधी तिच्यावरच खूश. मी काहीच शिकवलं नाही. वही दिली आणि म्हटलं, शुक्रवारी शाळा सुटताना आकडा लिहायचा, सोमवारी शाळा भरायच्या आधी परत लिहायचा.

सोमवारी आकडा पुढे गेलेला. शनिवार-रविवार शाळेला कुलूप. एक पोरगा म्हणाला, "बाई, रविवारी कोण आलं होतं पाणी प्यायला?" मग तर्क सुरू. मांजर, चोर, रखवालदार. रखवालदारावर आळ आला तसे ते स्वतःच मुलांना घेऊन गच्चीवर गेले. टाकीतला बॉलकॉक अडकलेला आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून पन्हाळीत चाललेलं. मी वर टाकीचं उदाहरण दिलं होतं ते खरंच उदाहरण म्हणून दिलं होतं हो!

बॉलकॉक बदलला. पुढच्या सोमवारी आकडा जवळजवळ जागेवर. वर्गात टाळ्या. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "पण बाई, या वेळी शनिवारी पाणी आलंच नव्हतं." आला का तुमचा 'नसतं तर', अंशछेदताई? आता ते नळाला पाणी आलेले दिवसही वेगळ्या रकान्यात लिहितात, आणि जवळच्या दुसऱ्या शाळेच्या मीटरचा आकडा मिळवायला दोघांची नेमणूक झालीय. यातलं काहीही अभ्यासक्रमात नाही. आणि नळ बंद करा असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.

अंशछेद

तुलनेची शाळा त्यांनी स्वतः शोधली? आपणहून?? मी पदव्युत्तर वर्गाला हे गळी उतरवायला अख्खं सत्र घेते.

निरुत्तर

बॉलकॉक बदलल्यानं पाणी वाचलं. शिक्षणानं नव्हे. एवढं नोंदवून गप्प बसतो.

(पण गच्चीवर नेलंत ते बरं केलंत.)

शाईचा डाग

अहवाल गेला एकदाचा. काय लिहिलं ते सांगायचं कर्ज होतं, फेडतो.

'परिणाम' या प्रकरणाचे दोन तुकडे केले. 'काय घडले' यात कार्यशाळा, हजेरी, चाचण्या. 'काय बदलले' यात एकच परिच्छेद, की मीटर आणि बिलांच्या नोंदी घेतल्या गेल्या नसल्याने आणि तुलनेच्या शाळा नसल्याने पाणी-वीज वापरातला बदल सांगता येत नाही. त्या निळ्या शाईच्या शाळेचं नाव घेतलं नाही. 'एका शाळेच्या उत्तरचाचण्या तुलनेस योग्य नसल्याने सरासरीतून वगळल्या' इतकंच लिहिलं. दुसरा दांडा थोडा बुटका झाला. पुढच्या वर्षासाठी सुचवलं की प्रपत्रं निम्मी करा, ती भरायला आठवडाभर द्या, आणि मीटरची वही मुलांकडे द्या. ती वही कुणाच्या कामगिरीशी जोडू नका, हे अधोरेखित केलं. ते धूळबाईंच्या भीतीपोटी.

संस्थेचं उत्तर आलं. अहवाल उत्तम, फक्त पहिल्या पानावर एकूण लाभार्थ्यांची संख्या मोठ्या टायपात हवी.

वाटसरू

घाला. संख्या खरी आहे ना? मग घाला. दुसऱ्या पानावरचं वाक्य मात्र हलू देऊ नका.

फळ्यावरची धूळ

अंशछेदताई, एक अडलंय. या सोमवारी सुट्टी होती, आकडा घ्यायचा राहिला. वहीत ओळ मोकळी दिसतेय आणि मुलांना ती बघवत नाहीये. मागचा आणि पुढचा मिळवून, निम्मा करून भरू का म्हणतात.

अंशछेद

नको. मोकळीच ठेवा आणि शेजारी 'सुट्टी' लिहा.